घरातली शाळा आणि मुलाची साक्ष

बायबलच्या जुन्या करारात ‘अनुवाद’ नावाचे पुस्तक आहे. त्याच्या सहाव्या अध्यायात आईबापांना आज्ञा आहे, की देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवावीत आणि घरीदारी, उठता-निजता त्यांविषयी बोलत राहावे. अमेरिकेतील जी ख्रिस्ती कुटुंबे श्रद्धेपोटी आपली लहान मुले शाळेत न घालता घरीच शिकवतात, ती या अध्यायाचा आधार वारंवार देतात. मूल ही देवाने आईबापांकडे सोपवलेली ठेव आहे, सरकारकडे नव्हे, अशी त्यांची धारणा असते. हे ऐकून आपल्याकडील सुशिक्षित माणूस बहुधा हसतो. ते हसणे आम्हांस उथळ वाटते. आम्ही वर्गावर जगणारी माणसे आहोत, तेव्हा शाळेची बाजू घेताना आमचा स्वार्थ त्यात मिसळलेला आहे, एवढे वाचकाने ध्यानात ठेवावे आणि मग पुढे वाचावे.

या चळवळीचा उगम केवळ धर्मात नाही. शाळा ही संस्थाच मुलाची जिज्ञासा मारते, असे म्हणणारे जॉन होल्ट १९७७ पासून घरशिक्षणाचे नियतकालिक चालवत होते, आणि ते काही धर्मप्रचारक नव्हते. दुसऱ्या बाजूने रेमंड आणि डोरोथी मूर या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट दांपत्याने १९७५ च्या आपल्या पुस्तकात कोवळ्या वयातील औपचारिक शिक्षणाला विरोध केला. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ आणि १९६३ साली सरकारी शाळांनी चालवलेली प्रार्थना आणि बायबलवाचन घटनाबाह्य ठरवले होते. त्यामुळे दुखावलेल्या श्रद्धावंतांना मूर दांपत्याचे म्हणणे जवळचे वाटले. १९८३ साली या पालकांची बाजू न्यायालयात लढवणारी संघटना निघाली आणि १९९३ पर्यंत सर्व राज्यांत घरशिक्षण कायदेशीर झाले. सरकारी पाहणीनुसार १९९९ साली घरी शिकणारी मुले सुमारे साडेआठ लाख होती, ती २०१२ साली पावणेअठरा लाखांच्या आसपास गेली. ही सगळीच धर्मासाठी घरी राहिलेली नव्हेत, पण चळवळीचे संघटन धार्मिकांनी केले यात शंका नाही.

घरी शिकवणारी आई वाईट शिकवते, असे म्हणण्यास आम्ही तयार नाही. चाळीस मुलांच्या वर्गात जे लक्ष कोणाला मिळत नाही, ते तिथे एकट्याला मिळते. आमची अडचण वेगळी आहे. ‘ॲक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन’ हा १९७० साली टेक्सासमध्ये निघालेला अभ्यासक्रम घ्या. मूल एकेक पुस्तिका एकट्याने वाचते, रिकाम्या जागा भरते आणि उत्तरसूचीशी आपणच ताडून पाहते. रिकाम्या जागेत बसणारा शब्द बहुधा वरच्याच परिच्छेदात असतो. पृथ्वीचे वय काही हजार वर्षे आहे, हेही अशाच पद्धतीने शिकता येते. तिथे प्रश्न हा उत्तराचा कोरा राहिलेला तुकडा असतो. साहित्य शिकवणाऱ्यास हे विशेष खुपते, कारण मजकुराशी भांडण्याची जागाच यात उरत नाही. आपल्याकडच्या गाइडांनाही हा दोष लागतो, नाही असे नाही. मात्र गाइड घोकणारे मूल मधल्या सुटीत दुसऱ्या गाइडवाल्याशी वाद तरी घालू शकते.

याउलट एक उदाहरण मराठी वाचकास ठाऊक आहे, पण या संदर्भात त्याकडे कोणी पाहत नाही. पंडिता रमाबाई शाळेत गेल्या नाहीत. अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी लेकीला. हे शिक्षण अगदी धर्मासाठीच होते. आईबापांनी आपल्याला बाहेरच्या जगापासून दूर ठेवले, संस्कृतखेरीज दुसरी भाषा शिकण्याचा प्रश्नच नव्हता आणि लौकिक शिक्षण म्हणजे संसारासक्तीची वाट अशी त्यांची समजूत होती, असा आशय रमाबाईंच्या आत्मनिवेदनात आहे. नाव झाकून वाचले तर हे टेक्सासमधील एखाद्या घराचे वर्णन वाटावे. पण या घराने लेकीला रिकाम्या जागा दिल्या नाहीत, एक भाषा अख्खी दिली. पुढे कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी वेद हाती ठेवले, व्याख्यानांसाठी धर्मशास्त्रे वाचावी लागली, आणि ती स्त्रियांविषयी काय म्हणतात हे रमाबाईंनी आईने दिलेल्या त्याच संस्कृताच्या बळावर स्वतः पाहिले. १८८३ साली त्या ख्रिस्ती झाल्या. अनंतशास्त्र्यांना ही गोष्ट मानवली नसती. तरीही त्यांच्याइतका यशस्वी घरगुरू आमच्या पाहण्यात नाही. अर्थात, दुष्काळात आईबाप गेले, भावाबरोबर देशभर पायी भटकावे लागले, तेव्हा कुठे बाहेरचे जग भेटले. मुलाने बाहेर पडावे यासाठी कोणी दुष्काळाची वाट पाहावी, असे आम्ही म्हणणार नाही.

म्हणून बाहेरच्या कोणाची तरी नजर त्या घरात जायला हवी. जर्मनीने घरशिक्षण जवळजवळ बंदच केले आहे आणि युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००६ व २०१९ साली ते उचलून धरले. हे आम्हांस अति वाटते. पण टेक्सासमध्ये जे मूल कधी शाळेत घातलेच नाही, त्याच्याविषयी सरकारला काही कळवण्याचेही बंधन पालकांवर नाही. हे दुसरे टोक आहे. घरीच शिकून मोठ्या झालेल्या काहींनी २०१३ साली संस्था काढून नोंदणीची आणि देखरेखीची मागणी केली. तिच्यात धर्मद्वेष शोधणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे, की मागणारे त्या घरांतूनच आलेले आहेत.

घरशिक्षणाचे समर्थक १९७२ च्या एका निकालाचा दाखला नेहमी देतात. विस्कॉन्सिनमधील आमिश परंपरेच्या तीन बापांनी आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवण्याचे नाकारले, प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो धर्मस्वातंत्र्याच्या आधारे रद्द ठरवला. (ती मुले आठवीपर्यंत शाळेत गेली होती, हे समर्थक सहसा सांगत नाहीत.) न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः भिन्नमत नोंदवले. बापाचा धर्म ठरला, पण मुलाला पियानोवादक किंवा अंतराळवीर व्हायचे असेल तर त्याचे काय, असा त्यांचा प्रश्न होता. तिघांपैकी एकाच मुलीची साक्ष झाली होती आणि तिने शाळेत न जाणे हा आपला धर्म आहे असे सांगितले होते. म्हणून तिच्या बापापुरता निकाल डग्लस यांनी मान्य केला. उरलेल्या दोन मुलांना न्यायालयात कोणी काही विचारलेच नव्हते.