व्रत कोणाचे, उपवास कोणाला?

सातव्या महिन्यात मी हरितालिकेचा निर्जळी उपवास केला आणि शाळेतून परतताना शहाड स्टेशनच्या जिन्यावर भोवळ येऊन बसले. घरी कोणी सक्ती केली नव्हती. ‘पोटुशी असून व्रत मोडले नाही हो!’ एवढे कौतुक पुरेसे होते. कौतुकासारखी दुसरी सक्ती नाही.

मुलगी सव्वादोन किलोची झाली. त्या एका उपवासानेच, असे मी म्हणणार नाही. पण त्या नऊ महिन्यांत चतुर्थ्या, एकादश्या, सोमवार, यांतले मी सोडले काय होते?

गरोदरपणी पोट बराच वेळ रिकामे राहिले, की रक्तातली साखर इतरांपेक्षा लवकर उतरते आणि शरीर चरबी जाळू लागते. ‘साबुदाणा खाते की!’ असे उत्तर येते. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळपणा. त्यात प्रथिने आणि लोह नावालाच. खिचडीची लाज राखतात ते शेंगदाणे!

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांत आयांचे पोषण अभ्यासले. अभ्यास उपवासांचा नव्हता. पण बाळे सरासरी पावणेतीन किलोंच्याही आत, अंगाने किडकिडीत आणि तरी चरबी राखून असलेली आढळली. अशी ठेवण पुढे मधुमेहाला वाट देते. हॉलंडात १९४४-४५ च्या दुष्काळात जी मुले पोटात होती, त्यांच्यात पन्नाशीला साखरेचा विकार अधिक दिसला. पोटातली उपासमार शरीर विसरत नाही.

मग धर्माचे काय? सुश्रुताने गर्भिणीला अतिकर्षण, म्हणजे शरीर झिजवणे, वर्ज्य सांगितले आहे. रमजानातही गर्भवतीला रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे. शास्त्र सवलत देते; देत नाही ते आपले शेजारपाजार!

गंमत पाहा: ज्या घरी डोहाळजेवणाला पंचपक्वान्ने होतात, त्याच घरी चार दिवसांनी तीच पोटुशी चंद्रोदयाची वाट पाहत उपाशी बसते. व्रत मोठ्यांचे, उपवास मात्र न जन्मलेल्याला!

आषाढीला आमच्या शहाडच्या बिर्ला मंदिरात विठ्ठलाच्या दर्शनाची रांग लागते. यंदा त्या रांगेत शेजारची एक गर्भार पोर होती. मी डब्यातली पोळीभाजी तिच्यापुढे धरली. बायका कुजबुजल्या. विठोबा काही बोलला नाही.

वाचकहो, फराळाचे पहिले ताट घरातल्या पोटुशीला द्या. आणि पुढल्या चतुर्थीला तिचे कौतुक करायचेच, तर ती जेवली म्हणून करा.