मुटोम्बोचे रुग्णालय

थोर खेळाडू निवर्तला की त्याच्यावर लिहिल्या जाणाऱ्या मृत्युलेखांत आधी त्याचे मैदानावरील पराक्रम सविस्तर सांगायचे आणि अखेरीस, नैवेद्यावर तुळशीपत्र ठेवावे त्याप्रमाणे, त्याच्या समाजकार्याचा दोन ओळींत उल्लेख करायचा, अशी एक पद्धत सर्वत्र रूढ होऊन बसली आहे. 30 सप्टेंबर 2024 रोजी, वयाच्या 58 व्या वर्षी, मेंदूच्या कर्करोगाने बास्केटबॉलपटू डिकेम्बे मुटोम्बो गेला, तेव्हाही बहुतेकांनी हाच परिपाठ पाळला. माझ्या मते या क्रमाने त्याचे चरित्र सांगणे म्हणजे त्याच्यावर उघड अन्याय करणे होय. कारण वैद्यकाचा ध्यास त्याच्या आयुष्यात आधी आला आणि एनबीए ही अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग मागाहून आली.

मुटोम्बोचा जन्म 1966 सालचा, काँगोची राजधानी किन्शासा येथला. बेल्जियमचा अंमल संपून जेमतेम सहा वर्षे झाली होती आणि लष्करी उठाव करून मोबुटूने सत्ता बळकावल्याला वर्षही लोटले नव्हते. वडील शिक्षणक्षेत्रात होते. 1987 साली हा तरुण वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात दाखल झाला, तो अमेरिकन सरकारने परदेशी विद्यार्थ्यांसाठी तरतूद केलेल्या शिष्यवृत्तीवर, आणि डॉक्टर होऊन मायदेशी परतण्याचा मनोदय बाळगून. इंग्रजी त्याला जवळजवळ येत नव्हती. पहिल्या वर्षी तो विद्यापीठाच्या संघाकडून खेळलाही नाही. परंतु सात फूट दोन इंच उंचीचा विद्यार्थी जॉन थॉम्पसन यांच्यासारख्या प्रशिक्षकाच्या दृष्टीतून सुटणे अशक्यच होते, आणि त्यांनी त्याला मैदानावर आणले.

थॉम्पसन यांच्या कार्यालयातील मेजावर हवा काढलेला एक बास्केटबॉल कायम ठेवलेला असे. चेंडूतली हवा एक ना एक दिवस जाणारच, तेव्हा त्यानंतर तू कोण असशील, हा प्रश्न समोर बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्या चेंडूने न बोलता विचारावा, हा त्यामागचा हेतू. सरावाच्या रेट्यात मुटोम्बोचे वैद्यकशास्त्र मागे पडले, हे खरे. पण विद्याभ्यास मागे पडला नाही. भाषाशास्त्र आणि राजनय हे विषय घेऊन त्याने 1991 साली पदवी संपादन केली, आणि विद्यार्थिदशेतल्या उन्हाळ्यांत अमेरिकन काँग्रेसच्या एका सदस्याच्या कार्यालयात व जागतिक बँकेत उमेदवारीही केली. पुढे या मनुष्याने जे काही उभे केले, त्याचा पाया मला या चार वर्षांत दिसतो. अर्ज कोणाकडे करावा, मंजुरी कशी मिळवावी, जमाखर्च कोणापुढे मांडावा, हे ज्ञान केवळ उंचीच्या बळावर प्राप्त होत नाही.

त्याच्या खेळाविषयी मात्र हात राखून लिहिणे मला जमणार नाही. प्रतिस्पर्ध्याने बास्केटच्या दिशेने फेकलेला चेंडू हवेतच अडवणे ही त्याची विद्या. नियम असा की, चेंडू वर चढत असेल तोवरच बचाव करणाऱ्याने त्याला हात लावावा. तो खाली उतरू लागल्यावर नुसता स्पर्श झाला तरी गुण प्रतिपक्षाच्या पदरात पडतात. म्हणजे जे करायचे ते निमिषार्धात, आणि उडी आधी मारली तर समोरचा हुलकावणी देऊन निघून जाणार. अठरा हंगामांत मुटोम्बोने असे 3,289 ब्लॉक केले. एनबीएच्या नोंदींत त्याच्यापुढे आहे तो एकटा हकीम ओलाजुवॉन, आणि तोही आफ्रिकेचाच, नायजेरियाचा पुत्र. हंगामातील सर्वोत्कृष्ट बचावपटूचा बहुमान मुटोम्बोला चार वेळा लाभला. तथापि या विद्येचा मोठा भाग नोंदवहीत येतच नाही: तो बास्केटखाली उभा आहे एवढे पाहूनच ज्यांनी आत शिरण्याचा बेत सोडून दुरून चेंडू फेकला, त्यांची गणती कोण करणार? चेंडू अडवला की तो उजव्या हाताची तर्जनी डावीकडून उजवीकडे हलवी. प्रतिस्पर्ध्याच्या तोंडासमोर असे करणे म्हणजे त्याला डिवचणे, असे ठरवून लीगने त्याला बंदी केली, तेव्हा त्याने तीच तर्जनी प्रेक्षकांकडे वळून हलवावयास आरंभ केला.

1994 साली त्याचा डेन्व्हर संघ आठव्या मानांकनावर कसाबसा बाद फेरीत पोहोचला. गाठ पडली सिअ‍ॅटलशी, जो त्या हंगामातील 82 पैकी 63 सामने जिंकून आला होता. पाच सामन्यांच्या मालिकेत पहिले दोन गमावल्यावर डेन्व्हरने उरलेले तिन्ही जिंकले, आणि आठव्या मानांकिताने पहिल्याला घरी पाठवण्याचा प्रसंग एनबीएच्या इतिहासात प्रथमच घडला. त्या मालिकेत एकट्या मुटोम्बोचे 31 ब्लॉक होते. शेवटचा सामना जादा वेळेत संपला तेव्हा अखेरचा रिबाउंड, म्हणजे बास्केटवरून उसळून परतलेला चेंडू, त्याच्याच हाती होता, आणि चेंडू दोन्ही हातांत घट्ट धरून तो महाकाय मनुष्य जमिनीवर उताणा पडून आनंदाने ओरडत होता. अजिंक्यपद मात्र त्याला कधीच लाभले नाही. 2001 साली फिलाडेल्फियाकडून आणि 2003 साली न्यू जर्सीकडून तो अंतिम फेरीपर्यंत गेला आणि दोन्ही वेळा पराभूत झाला.

कारकीर्द ऐन भरात असताना किन्शासात त्याची आई, बियाम्बा मारी, आजारी पडली. शहरात अशांतता होती, संचारबंदीचा हुकूम लागू होता, आणि हाकेच्या अंतरावरील रुग्णालयात तिला नेता न आल्यामुळे ती दगावली. मुलाजवळ द्रव्य होते, कीर्ती होती, देशोदेशींच्या ओळखी होत्या. यांपैकी काहीही तिच्या उपयोगी पडले नाही. एखाद्याने आईच्या नावे पारितोषिक ठेवले असते, पुतळा उभारला असता. मुटोम्बोने 1997 मध्ये स्थापन केलेल्या आपल्या प्रतिष्ठानामार्फत किन्शासातच रुग्णालय उभारण्याचा निश्चय केला. कोनशिला 2001 साली बसली, पण निधी इतक्या संथ गतीने जमत होता की प्रत्यक्ष बांधकामास 2004 उजाडले. ज्या खेळाडूंच्या वार्षिक मेहनतान्यात अशी रुग्णालये सहज सामावली असती, त्या त्याच्या सहव्यवसायींनी या कामी सढळ हात दाखवला नाही, याची मला आजही खंत वाटते. अखेर सुमारे 2 कोटी 90 लाख डॉलर खर्चून, त्यांपैकी दीड कोटींहून अधिक त्याने स्वतःच्या मिळकतीतून देऊन, 300 खाटांचे बियाम्बा मारी मुटोम्बो रुग्णालय 2007 साली रुग्णांसाठी खुले झाले. त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी काँग्रेसपुढील अभिभाषणात त्याचा नामोल्लेख केला, तेव्हा तो सभागृहात उपस्थित होता.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो क्षुल्लक नाही. प्रजेच्या आरोग्याची जबाबदारी सरकारची. बत्तीस वर्षे मोबुटूच्या ज्या राजवटीने देशाची संपत्ती लुटली, तिने रिकामी ठेवलेली जागा एका दानशूर खेळाडूने भरून काढावी, यात त्या राजवटीच्या वारसांना जाब विचारण्याची निकड कमी होत नाही काय? तत्त्व म्हणून हे मला मान्य आहे. परंतु ताप चढलेल्या मुलाला खांद्यावर टाकून दारी आलेल्या बाईला, शासनसंस्था सुधारेपर्यंत थांब, असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही तत्त्वाला नाही. शिवाय मुटोम्बोने आपले रुग्णालय परदेशी वैद्यांच्या हंगामी छावणीसारखे न ठेवता राजधानीत कायमची संस्था म्हणून वसवले, ही गोष्ट या वादात फार महत्त्वाची आहे; औषधे वाटून विमानाने परत जाणे याहून ते अनेक पटींनी कठीण होते.

1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याच्या देशाचा महिला बास्केटबॉल संघ उतरला, तेव्हा मुलींच्या गणवेशाचा आणि खर्चाचा भार त्यानेच उचलला होता. पुढे 2021 मध्ये वडिलांच्या नावाने मबुजी-मायी शहराजवळ त्याने शाळा काढली. हे सारे लक्षात घेता, अजिंक्यपद नाही म्हणून श्रेष्ठ खेळाडूंच्या यादीत त्याला चार पायऱ्या खाली बसवणाऱ्यांशी वाद घालण्याची मला गरजही वाटत नाही.

आज क्रीडाक्षेत्रात अमाप पैसा खेळतो आहे, आणि प्रतिष्ठाने स्थापन करणाऱ्या खेळाडूंची संख्याही वाढते आहे. त्यांना माझी एकच विनंती आहे. उद्घाटनाच्या फितीसाठी देणगी द्याच, पण तिच्याबरोबर परिचारिकांच्या पगाराची, औषधांची आणि रात्री दिवे चालू ठेवणाऱ्या जनित्राच्या डिझेलची पुढील वीस वर्षांची तरतूदही मृत्युपत्रात नव्हे, हयातीतच करून ठेवा.