बँक गोळीने बुडत नाही

बँकांच्या भानगडींवरचे थरारपट आपल्या पिढीला फार आवडतात. इंटरपोलचा झोप उडालेला अधिकारी, लक्झेंबर्गमधलं बँकेचं चकचकीत मुख्यालय, एकामागून एक मरणारे साक्षीदार, आणि शेवटी ‘सगळं वरूनच ठरलेलं असतं’ हा निष्कर्ष. या निष्कर्षाने आपण फार हुशार झालो असं वाटतं, पण प्रत्यक्षात तो आपल्याला निकामी करतो. आपल्या समाजाला तर तो जास्तच महागात पडतो.

टॉम टिकव्हरचा ‘द इंटरनॅशनल’ (२००९) घ्या. आयबीबीसी नावाची बँक शस्त्रांचा व्यापार करते, कारण देशांना कर्जात अडकवलं की त्यांच्यावर ताबा मिळतो. क्लाइव्ह ओवेनचा सॅलिंजर तिच्या मागे लागतो. गुगनहाइम संग्रहालयाची हुबेहूब प्रतिकृती जर्मनीत बांधून तिच्यात गोळीबार चित्रित केला आहे, आणि तो प्रसंग जबरदस्तच आहे. शेवटी इस्तंबूलच्या छतांवर बँकेचा प्रमुख मारला जातो, तरी बँक चालूच राहते. म्हणजे कायद्याने काही होत नाही आणि गोळीनेही काही होत नाही. प्रेक्षकाने उसासा टाकून घरी जायचं.

या सिनेमामागची खरी बँक मात्र बंद पडली. ती होती बीसीसीआय. लखनौत जन्मलेल्या आगा हसन आबेदी या पाकिस्तानी बँकरने १९७२ साली ती काढली. नोंदणी लक्झेंबर्गची, पसारा सत्तरहून अधिक देशांत, एक शाखा मुंबईतही. ‘तिसऱ्या जगाची बँक’ ही तिची ओळख होती. गोऱ्यांच्या बँका दारात उभं करत नाहीत, ही आपली बँक आहे, या भावनेने ब्रिटनमधल्या कितीतरी आशियाई दुकानदारांनी आपली पुंजी तिथे ठेवली.

घोटाळा कसा झाला? एका जहाज-व्यवसायी गटाला बेसुमार कर्जं दिली. ती परत येईनात, तेव्हा इकडचे पैसे तिकडे फिरवून हप्ते आल्याचं दाखवलं. काही ठेवी तर वहीत नोंदवल्याच नाहीत. १९८७पर्यंत लक्झेंबर्गच्या कंपनीचे ऑडिटर वेगळे आणि केमन बेटांवरच्या कंपनीचे वेगळे होते, त्यामुळे पूर्ण हिशेब एकाही ऑडिटरसमोर येत नव्हता. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सिस्टिम कोसळली की आम्ही आधी विचारतो, तपासणी कुठे होती आणि ती चुकवता कशी आली? बीसीसीआयमध्ये चुकवण्याची सोय मुळातल्या रचनेतच होती.

सिनेमाला शोभेल असा प्रसंगही इथे घडला. ऑक्टोबर १९८८मध्ये अमेरिकी कस्टम्सच्या गुप्त अधिकाऱ्यांनी फ्लोरिडात एक खोटं लग्न ठरवलं आणि त्यासाठी आलेल्या बँकरांना अटक केली. त्यावर ‘द इन्फिल्ट्रेटर’ (२०१६) निघाला. मला त्यापुढचा भाग जास्त संतापजनक वाटतो. जानेवारी १९९०मध्ये बँकेने अमलीपदार्थांचा पैसा पांढरा केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला, आणि त्यानंतरही जवळपास दीड वर्ष ती लोकांकडून ठेवी घेत राहिली. ५ जुलै १९९१ला बँक ऑफ इंग्लंडने आणि इतर देशांच्या नियामकांनी टाळं लावलं, तेव्हा ब्रिटनमध्ये ठेव-संरक्षण जास्तीत जास्त पंधरा हजार पौंडांचं होतं. दुकानदार बुडाले. स्कॉटलंडच्या बेटांवरच्या एका परिषदेचेही दोन कोटींहून अधिक पौंड अडकले. या दीड वर्षावर कोणी सिनेमा काढत नाही, कारण त्यात खुनी नाही. त्यात फक्त सह्या न करणारे साहेब आहेत.

आता आपल्यातली आवडती गोष्ट: ‘मुसलमानांची बँक होती म्हणून पाडली.’ पडद्याआडचे व्यवहार होते, हे खरंच आहे. सीआयएची या बँकेत खाती होती आणि तिचे गैरप्रकार सीआयएला बरेच आधी माहीत होते, हे अमेरिकी सिनेटच्या केरी समितीने १९९२च्या अहवालात लिहून ठेवलं आहे. म्हणजे हे गुपितही बाहेर आलं ते कागद आणि साक्षी तपासून. पण पाडली म्हणणाऱ्यांनी एक सांगावं: पैसे कोणाचे गेले? बहुतेक आपल्याच लोकांचे. आणि त्यांना नंतर जे मिळालं, ते कसं मिळालं? लिक्विडेटरांनी वर्षानुवर्षं दावे लावून, हिशेब उकरून तीन चतुर्थांशांहून अधिक रक्कम वसूल केली. ‘द इंटरनॅशनल’ जिथे हात टेकतो, तिथे या कंटाळवाण्या कामाने लोकांचे पैसे परत आणले.

‘कट’ हा शब्द आपल्या माणसाला हिशेब विचारण्यापासून सूट देतो. बेंगळुरूच्या आयएमएने ‘हलाल नफ्या’च्या नावावर हजारो मुस्लीम कुटुंबांकडून पैसे घेतले. कागदोपत्री त्या ठेवी नव्हत्याच, लोकांना भागीदार करून घेतलं होतं. जून २०१९मध्ये संस्थापक दुबईला निघून गेला आणि जुलैत परतल्यावर त्याला अटक झाली. दागिने मोडून पैसे भरणाऱ्या बायकांना कोणी सांगितलं होतं का, की तुमच्या हातातली पावती ठेवीची नाही? शंका काढणाऱ्याला कौमचा दुश्मन ठरवणं मात्र सोपं होतं.

अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू, आणि जो ती सांभाळतो त्याला विचारणं हा बेअदबीचा प्रकार नाही. म्हणून पुढच्या वेळी मोहल्ल्यात कोणी दाढी, टोपी आणि महिन्याला ठरावीक नफा घेऊन आला, तर विचारा: ही ठेव आहे की भागीदारी? रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर नाव दिसतं का? ऑडिटर कोण? नफा नेमका कोणत्या धंद्यातून येतो? विमा आहे का? बँकेतल्या ठेवीला आज पाच लाखांपर्यंत विमा आहे, भागीदारीला एक रुपयाचाही नाही.

थरारपट जरूर बघा, मीही बघतो. पण घरी अम्मीच्या हातात एखादी गुंतवणुकीची पावती असेल, तर या रविवारी ती मागून घ्या आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा.