दोन सुतांचा फरक

सोनारीच्या एका गॅरेजवाल्या वाचकाचा प्रश्न आला आहे. पेट्रोलवरची सीजे-३बी जीप मूळ रूपात उभी करायची आहे. इंजिन बांधून झाले, बॉडी रंगाला गेली, काम अडले आहे ते ब्रेकवर. बार्शी घ्या नाहीतर पुण्याची नाना पेठ, ‘जीपचा मागचा विल सिलिंडर’ मागितला की काउंटरवर वेगवेगळ्या खोक्यांतले दोन-तीन सिलिंडर येतात आणि दुकानदार प्रत्येकाला ओरिजनलच म्हणतो. यातला घ्यायचा कुठला?

आमचे उत्तर असे: माप घेतल्याशिवाय एकही नाही.

अमेरिकेत सीजे-३बी १९५३ ते १९६८ या काळात बनली. आपल्याकडे महिंद्राने ती त्यानंतरही चालू ठेवली आणि तिच्याच अंगावर पुढची मॉडेले वाढवली. त्यामुळे माल भरपूर आहे, आणि घोटाळाही त्यातच आहे. पन्नास-साठ वर्षांत या गाड्यांचे ॲक्सल बदलले, पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसले, ड्रम मिळेल तिथून आला. आरसी बुकावर लिहिलेले मॉडेल आणि चाकाच्या आतला ब्रेक यांचा संबंध राहिला असेलच असे नाही. एक खूण चटकन पाहता येते. विलिज या मूळ अमेरिकी कंपनीच्या आराखड्यात डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. ते सरळ आट्यांचे निघाले, तर हब किंवा स्टड केव्हातरी बदलले आहेत असे धरून पुढे जा आणि कशावरही विसंबू नका.

आता मापे. मूळ ब्रेक ९ इंची ड्रमचा, शूची रुंदी पावणेदोन इंच. मास्टर सिलिंडरचा बोअर १ इंच, पुढच्या विल सिलिंडरचा १ इंच आणि मागच्याचा पाऊण इंच. म्हणजे आठ सूत आणि सहा सूत. बाहेरून दोन्ही सिलिंडरांची ठेवण इतकी सारखी की बूट काढून व्हर्निअर लावल्याशिवाय फरक कळत नाही. समजा मागे पाऊणच्या जागी एक इंची बसला. पेडलचा दाब तोच, पण पिस्टनचे क्षेत्रफळ १.७८ पट झाले, म्हणून शूवरचा जोरही तितकाच वाढला. गॅरेजच्या अंगणात गाडी छान थांबते, गिऱ्हाईक खूश होते. पहिल्या पावसात मागची चाके आधी जाम होतात आणि अवघ्या ८० इंच व्हीलबेसची ती जीप शेपूट फिरवते. काळभैरवनाथाच्या चैत्र यात्रेच्या गर्दीत हे नको. एरवीही सोनारीत माकड कधी आडवे येईल याचा नेम नसतो.

लायनरचीही हीच गत. मूळ रचनेत पुढच्या बाजूच्या शूवर लांब पट्टी आणि मागच्या बाजूच्या शूवर तोकडी पट्टी असते, कारण गाडी पुढे जाताना पुढचा शू ड्रमच्या फिरण्याने आपोआप अधिक दाबला जातो. रिव्हेट मारणारा कारागीर सोयीसाठी दोन्हीकडे सारखी पट्टी चढवतो आणि वर ‘जास्त लायनर, जास्त ब्रेक’ असेही ऐकवतो. त्याला जुना शू नमुना म्हणून द्या आणि समोर उभे राहा.

पाइपच्या नटांबाबत तर कसलीच सूट नको. मूळ नट इंची आट्यांचे, उदाहरणार्थ तीन सुती, इंचाला २४ आट्यांचा. आजच्या बऱ्याच सिलिंडरांची भोके १० मिलिमीटर मेट्रिक आट्यांची. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या किंचित वर, त्यामुळे हा नट त्या भोकात सैल का होईना, पण जातो. पान्याला थोडा जोरही लागतो, काम झाले असे वाटते, आणि जोराचा ब्रेक मारल्यावर आटे सुटतात. फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी वापरण्याची खोडही सोडावी. हादऱ्यांनी तांबे कडक होते आणि तडकते. ब्रेकला स्टीलचीच पाइप हवी.

आमचे मत काहींना पटणार नाही. ब्रेकमध्ये मूळपणा लोखंडात आणि मापात शोधावा, रबरात आणि लायनरमध्ये मुळीच नाही. तीस वर्षे खोक्यात पडलेले सीलबंद किट पाहून आपल्यातल्या भल्याभल्यांचे डोळे लकाकतात. त्या खोक्यातले रबर पडून पडून मेलेले असते. त्या काळच्या लायनरमध्ये तर ॲस्बेस्टॉस असे. जुने ड्रम उघडल्यावर भुकटी कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. रबर आणि होज आजच्या तारखेचेच घ्या. रबर पेट्रोल-डिझेलमध्ये धुऊ नका, ते फुगते. धुवायचे तर ब्रेक ऑइलनेच.

मूळ सिलिंडरची बॉडी मात्र भंगारात टाकू नका. अमेरिकेत मस्टँग, कॅमेरोसारख्या मोटारी उभ्या करणारे लोक ओतीव भागावरचा नंबर आणि तारखेचा शिक्का जुळेपर्यंत शोध सोडत नाहीत. १९६५ पासूनच्या कॉर्व्हेटचे कॅलिपर आतून गंजतात, म्हणून तिकडे त्यांत स्टेनलेसची स्लीव्ह टाकून मूळ कास्टिंगच वापरात ठेवतात. आपल्याकडेही चांगल्या लेथवाल्याकडून पाऊण इंची विल सिलिंडरला पितळी किंवा स्टेनलेस स्लीव्ह टाकून घेता येते. अट एकच, शेवटचा बोअर पुन्हा पाऊण इंचच निघाला पाहिजे. मास्टर सिलिंडरला स्लीव्ह टाकली तर ऑइल परत टाकीत जाण्याचे बारीक भोक स्लीव्हमधूनही नेमके त्याच जागी पाडावे लागते. ते बुजले तर ब्रेक पकडून राहतो, ड्रम तापतात आणि दोष लायनरवर जातो.

मास्टर सिलिंडर एकेरी ठेवायचा की दुहेरी, यावर आपल्यात नेहमी वाद होतो. मूळ जीपला एकच सर्किट आहे, एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. बहुतेक अमेरिकी मोटारींना १९६७ च्या मॉडेलपासून दुहेरी मास्टर सिलिंडर आला, तो याच कारणाने. २०२१ च्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांपुढच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो. तिथे मोठे फेरफार नकोत म्हणताना नाव घेतले आहे ते चेसिस, बॉडी शेल आणि इंजिनाचे, ब्रेकचे नाही. प्रदर्शनापुरती बाहेर निघणारी गाडी एकेरीवर ठेवा. पण सोनारी-परंडा रस्त्यावर माणसे घेऊन धावणारी जीप असेल, तर आम्ही १ इंची बोअरचा दुहेरी मास्टर बसवू आणि मूळ सिलिंडर स्वच्छ करून, तेल लावून मालकाच्या हाती देऊ.

सोनारीच्या वाचकांनी आता चारही ड्रम उतरवून आतला व्यास, शूची रुंदी, मास्टर धरून पाचही सिलिंडरांचे बोअर आणि नटांचे आटे कागदावर उतरवावेत. तो कागद आमच्याकडे पाठवावा, इतरांनीही आपापल्या गाड्यांचे पाठवावेत. पुरेसे जमले की तक्ता छापू. तोवर नाना पेठेत जाताना खिशात व्हर्निअर असू द्या. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.