हिशेबाबाहेरची शुश्रूषा

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली ज्या व्याधीचे सविस्तर वर्णन केले, ती आपल्याकडे कंपवात या नावाने परिचित आहे. आयुर्मान वाढेल तसे तिचे रुग्णही वाढणार, हे उघड आहे. परंतु हा केवळ वैद्यकाचा प्रश्न नव्हे. रुग्ण वर्षानुवर्षे घरीच राहतो आणि त्याला सांभाळण्याचा भार बहुधा त्याच्याच वयाच्या पत्नीवर वा पतीवर पडतो. या भाराचा विचार आपल्या सार्वजनिक धोरणात अभावानेच आढळतो.

मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशींचा ऱ्हास झाल्याने हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, पुढे तोलही जातो. हाताच्या कंपापेक्षा मोठा धोका पडण्याचा असतो. वळताना किंवा दाराशी येताच पाय जागीच खिळतात; उठून उभे राहताच रक्तदाब उतरून भोवळ येते. लेव्होडोपाच्या गोळीचा अंमल ओसरला की सकाळी चालणारा माणूस दुपारी जखडल्यासारखा होतो. म्हणून गोळी नेमक्या वेळी देणे हाही सुरक्षिततेचाच भाग ठरतो.

बाकीचे उपाय फारसे खर्चिक नाहीत. न्हाणीघरात व शौचालयात भिंतीला धरावयास पक्क्या दांड्या, न घसरणारी फरशी, उंच बैठक, वाटेतील पायपुसणी व सतरंज्या दूर करणे, रात्री मंद दिवा, एवढ्याने बरेच साधते. पाय खिळल्यास रुग्णाला ओढू नये. थांबून, अंक मोजीत पाऊल उचलावयास सांगावे. गिळण्याची क्रियाही मंदावत असल्याने जेवताना त्याला ताठ बसवावे. मात्र सुरक्षिततेच्या नावाखाली त्याला दिवसभर खुर्चीत बसवून ठेवणे हिताचे नाही, कारण न हालणारे शरीर अधिकच ताठरते. धोका किती पत्करावा आणि किती टाळावा, याचा निर्णय त्या घराला रोज नव्याने करावा लागतो.

या अखंड श्रमांची नोंद मात्र कोठेच होत नाही. एखाद्याने आपल्या घरकाम करणाऱ्या स्त्रीशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० सालीच दाखविली होती. पगारी परिचारिकेचे काम उत्पन्नात धरले जाते. तेच पत्नीने केले की त्याचे मोल शून्य. २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणात, कुटुंबीयांची विनावेतन काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे आणि पुरुष ७६ मिनिटे देत असल्याचे आढळले. जे मोजलेच जात नाही, त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद कशी होणार?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने कंपवाताला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचाही त्यात उल्लेख आहे. पण तो शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत! २०२४ साली आयुष्मान भारत योजना सत्तर वर्षांच्या व त्यावरील सर्वांना खुली झाली. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे हे संरक्षण प्रामुख्याने रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. त्याच वर्षी राज्याने आणलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत साहाय्यक साधनांसाठी एकवार ३ हजार रुपये ठरले, तेही वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असणाऱ्या कुटुंबांपुरते. निवृत्त शिक्षक किंवा कारकून त्यात बसणे कठीणच. तात्पर्य, खुब्याचे हाड मोडल्यावर शस्त्रक्रियेसाठी लाखांची सोय आहे; पडूच नये म्हणून बसवावयाच्या दांडीसाठी बहुतेकांना काहीच नाही. ही केवळ अनास्था नव्हे, तर शुद्ध उधळपट्टी होय.

घराच्या सुरक्षिततेसाठी एकवार अनुदान, व्यायामतज्ज्ञाची घरी भेट आणि सांभाळणाऱ्याला महिन्यातून काही दिवस विसावा मिळावा अशी स्थानिक व्यवस्था, एवढ्यापासून आरंभ करता येईल. सांभाळणारेच माणूस कोलमडले तर शासनाला एकाऐवजी दोन रुग्णांचा खर्च करावा लागेल, हे साधे गणित धोरणकर्त्यांना समजावयास हवे.