६०८ अक्षरांची असाइनमेंट

फ्रीलान्सिंगमध्ये एक सवय हमखास लागते. कुणी ‘जरा लिहून दे’ म्हटलं की तोंडातून आधी दोनच प्रश्न निघतात. किती शब्द? आणि कधीपर्यंत? तिसरा मनातल्या मनात, तो पैशांचा! मागच्या महिन्यात आईचा सोलापूरहून फोन आला, ‘ताईची मंगलाष्टकं तूच लिही’, तेव्हाही मी सवयीनं हेच विचारलं. आई म्हणाली, ‘अक्षता पडायच्या आत दे.’

आमच्या घरी हे खातं बाबांचं. सगळ्या भाच्या-पुतण्यांची मंगलाष्टकं त्यांनीच रचली. बाबा आणि काका, दोघं भाऊ पाटावर बसून बोटांवर अक्षरं मोजायचे. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. म्हटलं, आपण मास कॉमवाले, तासाभराचं काम!

कसलं काय. मंगलाष्टकांचा फंडा भलताच कडक असतो, फ्रेंड्स. वृत्त शार्दूलविक्रीडित. ओळीत १९ अक्षरं, कुठलं लघु, कुठलं गुरू हे आधीच ठरलेलं, आणि बाराव्या अक्षरावर थांबायचं. चार ओळींचं कडवं, अशी आठ कडवी. म्हणजे ६०८ अक्षरं. शाळेत ‘म स ज स त त ग’ पाठ केलं होतं, पण ते मार्कांपुरतं. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये खिडकीशी बसून मी बोटं मोजत होते. समोरच्या आजींना वाटलं, पोरगी जप करतेय. दौंडपर्यंत एक ओळ नाही. कुर्डुवाडी गेल्यावर ही आली:

शेंगांची चटणी नि भाकर हवी, पुण्यातही रोज हो!

मोजून पाहा, बसते! खरं सांगते, पहिल्या बायलाइनच्या वेळीही इतका आनंद झाला नव्हता. ताईच्या डब्यातला चटणीचा वास ज्यांना माहीत आहे, अशी माणसं फार तर दोनशे. ती सगळी त्या हॉलमध्ये असणार होती. एरवी मी जे लिहिते ते कुणीही वाचावं म्हणून लिहिते, आणि कोण वाचतं ते कधीच कळत नाही.

तसं सोलापूरकरांना अक्षतांचं नवल नाही. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांच्या योगदंडाचा कुंभारकन्येशी प्रतीकात्मक विवाह लागतो, संमती कट्ट्यावर संमती वाचतात आणि समोर लोटलेलं गाव अक्षता टाकतं. सिद्धरामेश्वर स्वतः बाराव्या शतकातले वचनकार, कन्नडमधले. कुंजविहारी आणि कवी संजीवही आमच्याच गावचे. आता बोला, किती प्रेशर!

गाडी अडली सहाव्या कडव्यात. तिथं काका-काकू येतात. बाबांच्या वहीत २०१५ पर्यंत प्रत्येक मंगलाष्टकात काकांचं नाव आहे, पुढे नाही. घराच्या वाटणीवरून बोलणं बंद झालं ते झालंच. पत्रिका पाठवली होती, पण ते येतील की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. ताई म्हणाली, ‘घाल की गं. मला सायकल कुणी शिकवली?’ आई गप्प. रात्री अक्षतांना कुंकू लावता लावता तिनं विचारलं, ‘काय लिहालीस गं? त्यांचं नाव बसतंय का बघ.’

नाव बसेना! तीन अक्षरांनी मला दीड वाजेपर्यंत जागवलं. शेवटी नाव काढलं आणि सायकल ठेवली:

मागे धावत कोण सायकलच्या, पार्कात तेव्हा बरे?

‘च्या’पाशी थोडी सूट घेतलीय. म्हटलं, कोण मोजतंय!

लग्नात आत्यानं माइक हातात घेतला. मंगलाष्टकं कुणी ऐकत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. सगळ्यांचं लक्ष पुढच्या मूठभर अक्षतांकडे. काका आले होते. उशिरा, मागच्या दारानं, आणि खांबाशी उभे होते. सहावं कडवं झालं, सगळीकडून अक्षता उडाल्या, पण त्यांची मूठ तशीच मिटलेली राहिली, हे आतेभावानं नंतर सांगितलं. मी स्टेजवर ताईचा शेला सावरत होते.

पंगतीत ते माझ्यापाशी आले. ‘तो कागद एखादा जास्तीचा हाय का गं?’ नव्हता. पर्समधला खाडाखोडीचा दिला. त्यांनी चष्मा लावला, उष्टा हात बाजूला धरून डाव्या हाताच्या बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले.

‘सायकलच्यात घोटाळा हाय बघ,’ म्हणाले. ‘तुझ्या बापानं हे चालू दिलं नसतं.’