तलाकने बाप सुटत नाही

रमजानमध्ये घरोघरी जकातीचा हिशेब होतो. पण स्वतःच्या लेकरांना जकात देता येत नाही. त्यांना पोसणे हे दान नव्हे, बापाचे कर्तव्य आहे. ते तलाकनंतरही उरते. कुरआनातील सूरह बकराची २३३वी आयत तान्ह्या बाळाच्या आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर टाकते आणि मुलावरून आईला वा बापाला छळू नये, असे बजावते. सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ मध्ये तलाकपीडितेच्या मुलांची पोटगी हा त्यांचा स्वतंत्र हक्क मानला. तरीही त्यासाठी शेणव्याच्या आईने मजुरी बुडवून शहापूरच्या कोर्टात खेपा का घालाव्यात? घटस्फोट कोणत्याही धर्मातला असो, मूल दोघांचेच असते. ईदच्या नमाजाआधी फितरा काढताना आजोळी वाढणारे लेकरूही बापाने मोजावे. मग त्याच्या शाळेचा खर्चही मोजावा आणि त्याला भेटायलाही जावे.